पडदा तपासला, नाव आढळले नाही

तुर्भ्याच्या समतोल केमिकल्समध्ये १९९५ साली संगणक आला, तेव्हा त्याची रीतसर पूजा झाली, नारळ फुटला आणि त्या खोलीबाहेर चपला काढण्याचं परिपत्रक निघालं. माहिती हीच कंपनीची खरी संपत्ती, असं जनरल मॅनेजर सरदेसाईसाहेब कुठल्याशा परिसंवादात ऐकून आले होते. संपत्ती म्हटली की ती वाढवायचीही असते आणि सांभाळायचीही. म्हणून दोन समित्या नेमल्या गेल्या: नवोपक्रम समिती आणि जोखीम समिती. दोन्हींत तेच पाच साहेब. सकाळी ते स्वतःलाच पत्र लिहीत आणि दुपारी त्यावर तीव्र हरकत घेत.

हजेरी कारकून जयमालाबाईंनी सहा महिने मान मोडून कामगारांची सगळी जुनी हजेरी यंत्रात भरली. काम संपलं त्याच दिवशी नवोपक्रम समितीने ठरवलं, की आता कागदी मस्टर ठेवणं हा मागासपणा आहे. कागदाला वाळवी लागते, म्हणून जोखीम समितीनेही, आयुष्यात प्रथमच, होकार दिला. मस्टरं रद्दीत गेली.

पुढच्या बैठकीत जोखीम समितीच्या लक्षात आलं, की वीज वरखाली होते आणि चालू संगणकातली माहिती पुसली जाऊ शकते. बंद संगणकातून मात्र आजवर एकही नोंद गहाळ झालेली नाही. झालं! संगणकावर प्लास्टिकचं आवरण चढलं आणि खोलीला कुलूप लागलं.

मार्चमध्ये कायम करायच्या कामगारांची यादी मागवली गेली. गोटीराम म्हात्रे हजेरीच्या खिडकीशी आला. त्याच्या बापाचं भाताचं खाचर होतं तिथे आता कंपनीचं गोदाम होतं, आणि त्याच गोदामात तो नऊ वर्षं टेम्पररी म्हणून पोती उचलत होता.

"बाय, माजं नाव हाय ना त्या पेटीन?"

"आहे रे. माझ्या हाताने भरलंय मी."

बाई तडक समितीपुढे गेल्या. "सर, दोन मिनिटं मशीन चालू करा. नाहीतर मी लिहून देते. त्याची नऊ वर्षांची हजेरी मला तोंडपाठ आहे."

"बाई, तुमच्या डोक्यातली माहिती अनधिकृत आहे," सरदेसाई म्हणाले. "तिची दुसरी कॉपी कुठाय?"

तेवढ्यात संगणक विभागाचे केयूर सावंत पुढे सरसावले. "सर, बॅलन्स करू ना! नुसता स्क्रीन चालू करू, खालचा डबा बंदच ठेवू. इनोव्हेशनपण झालं, रिस्कपण नाय. टेन्शनच नको."

सुंठीवाचून खोकला गेला. पाचही साहेब अनवाणी पायांनी काळ्या पडद्याभोवती पंधरा मिनिटं उभे राहिले. मग अहवाल टाइप झाला: 'पडदा काळजीपूर्वक तपासला. गोटीराम म्हात्रे हे नाव आढळले नाही.' खाली साक्षीदाराच्या सहीची जागा मोकळी ठेवून कागद बाईंपुढे सरकवला गेला.

बाईंचं पेन अडलं. या निर्लज्जपणाची त्यांना शिसारी आली.

"बाई," सरदेसाईंनी आपुलकीने विचारलं, "तुमचं स्वतःचं सर्व्हिस रेकॉर्डही त्याच मशीनमध्ये आहे ना?"

बाईंनी सही केली.

खिडकीशी गोटीराम ताटकळत उभाच होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने एवढंच विचारलं, "बाय, तू तरी वलखतंस ना मना?"

"लेखी अर्ज दे," बाई खाली बघत म्हणाल्या.

जयमालाबाईंची चीड आली ना? उत्तम. उद्या तुमच्या ऑफिसातल्या तशाच एखाद्या खोलीबाहेर चपला काढाल, तेव्हा ही चीडही तिथेच काढून ठेवायला विसरू नका.