भोपळ्याचा पहिला काप

टिण्ण!

सगळं घर गप्प असताना चुलीपाशी आवाज झाला आणि गुणाबाईंच्या कपाळाला आठी पडली. सूनबाईंनी नव्या विळीच्या पात्यावर पुन्हा नख मारलं होतं. म्हसोबाच्या जत्रेतून विळी आल्यापासून देवकीचा हाच उद्योग! देवळातल्या घंटेलाही एवढा मान नव्हता.

"किती वाजवशील गो तिला?"

"ऐका तर, आत्याबाय! चांगलं पातं असं पोरीसारखं हसतं," देवकी म्हणाली आणि मांडीवरच्या लेकीला, हिराला, गुदगुल्या केल्या. हिराही पात्यासारखीच खळखळली.

विळी निवडावी ती आपणच, याबद्दल देवकीला तिळमात्र शंका नव्हती. पाट रुंद हवा, बसल्यावर डगमगता कामा नये. पातं जाड, पोटाशी बाकदार, धार लावली की टिकणारं. जत्रेत तिने लोहारांना थंडीत घाम फोडला होता! "माणसं चार, भाजी मूठभर. बुटकी आण," असं सासूबाईंनी बजावलं होतं. देवकीने आणली ती बसलेल्या बोकडाएवढी!

"सकूवन्संच्या लग्नात हीच लागंल," ती म्हणाली.

आणि आज संध्याकाळी सकूला बघायला शेणव्याहून पाहुणे यायचे होते. मागची दोन स्थळं उगवलीच नव्हती, त्यामुळे सकू सकाळपासून न जेवता वेणी घालत होती. आज काही चुकून चालणार नव्हतं. देवकीने वेलावरचा सगळ्यात मोठा तांबडा भोपळा विळीपुढे ठेवला, पदर खोचला…

"थांब!" गुणाबाई किंचाळल्या. "आख्खा भोपळा बाईनं फोडायचा असतो का? पहिला काप पुरुषाचा!"

देवकीने जीभ चावली. विळीच्या नादात तेवढं राहूनच गेलं होतं! आणि पुरुष आणायचा कुठून? तिचा नवरा कुंडलिक गूळ आणायला मुरबाडच्या बाजाराला गेलेला. कोयता त्याच्या कमरेला. पाड्यावरचे बाकीचे पुरुषही झाडून बाजाराला. घरात भोपळ्याशिवाय दुसरी भाजी नाय!

तेवढ्यात अंगणात खाकरणं ऐकू आलं. संध्याकाळचे पाहुणे भर उन्हातच दारात! मुलाचे वडील धाऊमामा, कोऱ्या धोतरात, आणि मागे मुलाची आई जनाबाई.

गुणाबाईंचा चेहरा उतरला. देवकीचे डोळे मात्र चमकले. पुरुष!

"मामा, नव्या विळीला तुमचा हात लागू द्या! शकुन होईल!"

मामांना मान आवडला. फक्त ते जन्मात विळीवर बसले नव्हते. बसले ते घोड्यावर बसल्यासारखे, पात्याकडे पाठ करून!

"उलटे, मामा, उलटे!"

मामा फिरले. भोपळा दोन्ही हातांनी दाबला. पातं निम्म्यात रुतलं आणि तिथंच राहिलं. मामा भोपळा घेऊन उठले, तर खालून विळीही उठली!

"सोडा, मामा!"

"सुटंना गो!"

देवकीने पाट धरून ओढला. लाजत आत बसायची ती सकू धावत आली आणि तिने वहिनीची कंबर धरली. फट्! देवकी सकूवर, मामा भिंतीशी, बिया आढ्यापर्यंत! विळीच्या टोकाला अडकून कोरं धोतर टर्रकन फाटलं आणि गुडघ्यापासून लोंबू लागलं. मामांच्या मांडीवर अर्धा भोपळा, बारशाच्या बाळासारखा.

सकूच्या डोळ्यांत पाणी भरलं. देवकीला वाटलं, मोडलं! माझ्या विळीने पोरीचं लग्न मोडलं!

जनाबाईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलू लागले. रडतात की काय? छे, हसत होत्या!

"जल्म गेला माझा, ह्या माणसानं चुलीपाशी पाय ठेवला नाय. अन तुमी आल्या आल्या भाजी चिरायला बसवला! पोरगी आमची! पर एक अट हाय."

जनाबाईंनी विळीकडे बोट केलं.

"ही विळी आंदण द्यायची."

सकू हसली तशी देवकीही हसली. मान मात्र तिने जरा उशिरानेच हलवली.

गुणाबाईंनी फळीमागून जुनी बुटकी विळी काढली आणि सुनेपुढे सरकवली. देवकीने सवयीने नख मारलं. ठप्प.

ती भोपळ्याचे काप करू लागली. हिरा शेजारी येऊन उकिडवी बसली आणि गालावर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"आये, पयला काप बाईनं केला का बुवानं, भोपळ्याला कसं गो कळतं?"