भिकोबा तरस आणि कापसाचं पिल्लू

एका जंगलात, बाळांनो, सिनेमा निघाला होता. जंगलात सिनेमा कसा निघेल, असं विचारू नका. कोल्ह्याला द्राक्षं आंबट लागली तेव्हा विचारलं होतंत का? मग आता गप्प बसा आणि ऐका.

सिनेमाचं नाव होतं ‘महाशिंग’. नायक एक देखणा बारशिंगा. अंगावर लाल झूल, मान कायम तिरकी. तो आभाळातून उडायचा. म्हणजे चार गिधाडं त्याला वेलींनी बांधून उचलायची, आणि गिधाडं पडद्यावर दिसायची नाहीत. मोठ्यांचं उडणं असंच असतं.

खलनायक होता भिकोबा तरस. त्याला निवडलं ते त्याच्या हसण्यासाठी. खरं तर भिकोबा फारसा हसायचा नाही. पण तरसाची जात अशी, की रडलं तरी ऐकणाऱ्याला हसल्यासारखंच वाटतं.

आणि भिकोबाला रडायला कारण होतं. जंगलातलं मोठं तळं वनराज सिंहाने आपल्या आंघोळीसाठी राखून ठेवलं होतं. काठावर लांडग्यांचा पहारा होता. बाकीच्यांनी डबक्यातला चिखल चाटायचा. मागच्या उन्हाळ्यात भिकोबाची धाकटी लेक, चिंगी, पाणी पाणी करत गेली.

आता त्या जंगलात एक जुना रिवाज होता. खेळ कुठलाही असो, प्रेक्षक ज्याचा जयजयकार करतील त्याला खांद्यावर घेऊन तळ्यावर न्यायचं. तो म्हणेल त्याला त्या दिवसापासून तळं खुलं. इथे राजालाही नाही म्हणता येत नसे. म्हणून तर भिकोबाने ते काम घेतलं.

वनराजांच्या हुकमावरून सिनेमा लिहीत होते साळूपंत साळिंदर. अंगावरचाच काटा उपटायचा आणि लिहायला बसायचं. विद्वान गृहस्थ.

“भिकोबा,” साळूपंत म्हणाले, “हल्ली नुसता दुष्ट खलनायक चालत नाही. त्याचं म्हणणं पटलं पाहिजे. तुमचं काही म्हणणं आहे का?”

“आहे की,” भिकोबा म्हणाला. “पाणी सगळ्यांचं आहे.”

साळूपंतांचे काटे उभे राहिले. “वा! काय कल्पना सुचली तुम्हाला!”

भिकोबाने मग चिंगीची गोष्टही सांगितली. साळूपंतांनी डोळे पुसले आणि सगळं लिहून घेतलं.

सिनेमा तयार झाला. रीत म्हणून आधी मोजक्या प्राण्यांना दाखवला. पडद्यावर भिकोबा म्हणाला, “तळ्याचा बांध मी फोडणार! पाणी सगळ्यांचं आहे!” नायक झूल उडवत बांध वाचवायला आला. तेव्हा एक म्हातारं माकड ओरडलं, “अरे, हा कशाला मधे कडमडतोय?” ससे रडत होते. शेवटी सगळ्यांनी भिकोबाचा जयजयकार केला आणि त्याला उचलायला धावले.

“थांबा, थांबा!” प्रधान कोल्हा म्हणाला. “आज खेळ नाही, तालीम आहे. तालमीला रिवाज लागू नाही.”

त्याच दुपारी वनराजांनी साळूपंतांना बोलावलं.

“खलनायकाचं म्हणणं खरं वाटलं पाहिजे, असं आम्ही म्हणालो होतो,” वनराज नखं चाटत म्हणाले. “खरं असलं पाहिजे, असं म्हणालो नव्हतो.”

ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. साळूपंत तिथून तडक भिकोबाच्या गुहेत आले.

“एक छोटासा बदल आहे,” ते म्हणाले. “भाषण झालं, की तुम्ही सशाचं एक पिल्लू दरीत ढकलायचं.”

“पिल्लू? त्याने माझं काय घोडं मारलंय?”

“काही नाही. तीच तर गंमत आहे. अहो, शेवरीचा कापूस भरलेलं पिल्लू! एक धक्का द्यायचा, झालं. तुमच्या भाषणातला एक शब्दही कापत नाही.” मग जरा घुटमळून म्हणाले, “आणि ते चिंगीचं दुःख मी बारशिंग्याला देतोय. त्याच्यापाशी दुःखच नाही हो. नायकाला एखादं लागतं.”

“पण ते माझं आहे,” भिकोबा म्हणाला.

“तुमचंच. पण तुम्ही रडलात की हसल्यासारखं दिसतं. त्याला शोभेल.”

साळूपंत गेल्यावर भिकोबाची बायको येसू म्हणाली, “अवं, नका करू. पिल्लू पडलं की सगळ्यांचं ध्यान दरीत जाईल. मग भाषण कोण ऐकतंय?”

“भाषण तर तेच आहे ना?” भिकोबा म्हणाला. “खरं ते खरं. प्राणी काय खुळे आहेत?”

बाळांनो, भिकोबा मनाने फार चांगला होता. त्याचा प्राण्यांच्या अकलेवर विश्वास होता.

पहिल्या खेळाला अख्खं जंगल लोटलं. भिकोबा आणि येसू मागे, करवंदीच्या जाळीपाशी बसले. भाषण आलं. माना डोलल्या. मग पडद्यावरच्या भिकोबाने पिल्लू ढकललं.

समोर बसलेल्या सशिणीने किंकाळी फोडली. तिची स्वतःची पिल्लं तिच्या कुशीत होती, तरीही फोडली.

मग बारशिंगा आला. कड्यावर उभा राहिला, मान तिरकी केली आणि म्हणाला, “माझी धाकटी बहीण चिंगी पाणी पाणी करत गेली. या तरसाने सगळं पाणी पिऊन टाकलं होतं!”

साळूपंतांनी नावसुद्धा बदललं नव्हतं.

सगळं जंगल हमसून हमसून रडलं. मागे भिकोबालाही राहवलं नाही. चिंगी गेल्यापासून कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. तो रडला.

प्रेक्षकांनी वळून पाहिलं.

“बघा, बघा! हसतोय मेला!”

“जित्याची खोड! हाणा त्याला!”

“अगं सशीणबाई, ते पिल्लू कापसाचं होतं!” येसू ओरडली. “आमची चिंगी खरी होती!”

पण तोवर दगड सुरू झाले होते.

बारशिंग्याचा जयजयकार झाला. त्याला खांद्यावर घेऊन सगळे तळ्यावर गेले. रिवाजाप्रमाणे लांडगे बाजूला झाले. निळं, गार पाणी समोर होतं. सगळ्यांच्या जिभा बाहेर आल्या होत्या.

“बोला महाशिंग,” म्हातारं माकड म्हणालं, “तळं कुणाला खुलं करायचं?”

बारशिंग्याने मान तिरकी केली. “महाराजांना,” तो म्हणाला.

“काय हा विनय!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ते डबक्याकडे परतले.

चिखल चाटता चाटता सशीण माकडाला म्हणाली, “तसं त्या तरसाचं म्हणणं खरं होतं हो. पाणी सगळ्यांचंच आहे. पण पिल्लू मारायला नको होतं.”

“तेच ना,” माकड म्हणालं, आणि दातांतला चिखल काढू लागलं.

तात्पर्य : खरं बोलणाऱ्याचं तोंड कधी दाबू नये. त्याला पोटभर बोलू द्यावं, टाळ्याही घेऊ द्याव्यात. फक्त शेवटी त्याच्या हातून एक पिल्लू दरीत टाकून घ्यावं. कापसाचं असलं तरी चालतं.