डॉक्टर दाणींचे शनिवारचे मरण

दर शनिवारी दुपारी तीन वाजता डॉक्टर दाणी मरत असत. मरण्यापूर्वी पाच मिनिटे ते दोन्ही हात बर्फाच्या पाण्यात धरीत, चष्मा माझ्या स्वाधीन करीत आणि तपासणीच्या खाटेवर आडवे होऊन पांढरी चादर गळ्यापर्यंत ओढून घेत.

नाशिकच्या त्या रुग्णालयात मी नोंदणी विभाग सांभाळत होतो. नव्वदचे दशक संपत आले होते. विश्वस्तांनी एक संगणक आणला होता. लक्षणे भरली की तो रोगाचे नाव सांगे. असेच संगणक खेड्यांतील केंद्रांना द्यायचे ठरले होते. तेथील परिचारिकांना आणि कंपाउंडरांना ही कृत्रिम बुद्धी शिकवण्याचे काम डॉक्टरांकडे आले. शनिवार बदलला की तुकडी बदले. वर्ग क्षयरुग्णांच्या जुन्या वॉर्डात भरे. तेथे भर दुपारीही दिवा लावावा लागे.

पडद्यावर हिरव्या अक्षरांत प्रश्न येत. ताप आहे का? वेदना आहेत का? काहीच न लिहिता एंटर दाबले, तर यंत्र 'नाही' असे धरून पुढे जाई. खाटेवरचे डॉक्टर कशालाच उत्तर देत नसत. मंडळी एंटर दाबत जात. शेवटी पडद्यावर उमटे : रुग्ण निरोगी. चादर हलत नसे. आठव्या-नवव्या मिनिटाला मलाही शंका येई.

मग ते एकदम उठून बसत. पुढच्या रांगेतील परिचारिका हमखास मागे सरकत. "रिकामी जागा म्हणजे 'नाही' नव्हे," एवढेच ते म्हणत. सिन्नरचा एक कंपाउंडर एकदा म्हणाला, "सर, मेल्यावरबी तुम्ही ठणठणीत. आम्हाला जिवंतपणी असा रिपोर्ट येत नाय." वर्ग हसला. डॉक्टर हसले नाहीत. मीही नाही.

त्यांची एक अट होती. तुकडीतील एकाने तरी यंत्र सोडून उठावे आणि रुग्णाला हात लावावा. एरवी कोणाच्याही प्रमाणपत्रावर सही नाही. ही अट त्यांनी मला सांगितली होती, शिकणाऱ्यांना नाही. एकामागून एक तुकड्या सहीविना एस.टी.ने परतल्या.

अखेर विश्वस्तांनी पत्र काढले. येता शनिवार शेवटचा. सह्या झाल्या नाहीत तर यंत्रे शिक्षणाविनाच रवाना होतील. पत्र द्यायला मी गंगापूर रोडला त्यांच्या घरी गेलो. दार उघडे होते. आतल्या अंधाऱ्या खोलीत, पलंगावर, तीच चादर. मी दोनदा हाक मारली. पुढे होऊन पलंगाशी वाकलो. मग चादरीखालून आवाज आला, "बसा. अजून चार मिनिटे आहेत."

सराव चालला होता. पत्र वाचून ते म्हणाले, "एकाने उठावे. जास्त मागत नाही मी."

शेवटच्या शनिवारी यंत्रापुढे वणीकडची परिचारिका होती, मंदा गांगुर्डे. पहिला प्रश्न, एंटर. दुसरा प्रश्न, एंटर. तिसऱ्याला तिचे बोट थांबले. तिने मान वळवून खाटेकडे पाहिले. मागून कोणी तरी कुजबुजले, की पुढे चल, बस चुकेल. ती उठली आणि तिने डॉक्टरांचा उजवा हात उचलला.

"बाबा," ती म्हणाली, सर म्हणायचे विसरली होती, "हात लय गार पडलाय तुमचा." आणि तो दोन्ही तळव्यांत धरून चोळू लागली.

अट पुरी झाली होती. डॉक्टरांनी आता उठायला हवे होते. ते उठले नाहीत. चादर हलली नाही. मी चष्मा घेऊन दोन पावले पुढे झालो.

"घरी कोणाला कळवू, बाबा?" तिने विचारले.

हा प्रश्न यंत्रात नव्हता. डोळे न उघडता डॉक्टर म्हणाले, "कोणी नाही, बाई."

तिने स्टूल ओढले आणि बसली. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्याकडे चष्मा मागितला. मग सगळी प्रमाणपत्रे. सह्या त्यांनी डाव्या हाताने केल्या, वेड्यावाकड्या. उजवा हात तिच्याकडे होता, आणि तो त्यांनी परत मागितला नाही.