ओला टॉवेल मागणारे गायधनी

कुणाच्या घरी गेलं की माणसं पाणी मागतात. गायधनी ओला टॉवेल मागत.

"चांगला पिळलेला असू द्या हं, मेधाताई. ठिबकता नको." मग खिशातून स्प्रिंगचा काटा निघे, भंगारवाल्याकडे असतो तसला, हूक लावलेला. त्याला टॉवेल अडकवायचा, काटा डोळ्यासमोर धरायचा, आकडा पुटपुटायचा आणि छोट्या डायरीत टिपून घ्यायचा. तासाभरानं चहा, पोहे, मराठी मंडळाच्या भानगडी असं सगळं झालं की गॅलरीतला तोच टॉवेल आणून पुन्हा वजन. "तासाभरात एवढं पाणी गेलं. आज हवेत दमटपणा आहे." हे असं ते प्रत्येकाच्या घरी करत, आणि लोक कौतुकानं टॉवेल भिजवून देत. माझी पाच वर्षांची मुक्ता तर त्यांची पावलं जिन्यात वाजली की ओरडायची, "आई, टॉवेल अंकल इज हिअर!" मी संध्याकाळी घरी आलो तर मुक्ता टीव्हीवरची नजर हलवत नसे. हे मी आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी बाजू फारशी शोभेची नाही. मला गायधनींचा मत्सर वाटायचा. थोडाथोडका नाही, पोटभर.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. आम्ही कुवेतमध्ये सलवा भागात एका चार मजली इमारतीत राहायचो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, गायधनी दुसऱ्या. मी पुण्याचा, मीना अब्दुल्ला नावाच्या गावातल्या रिफायनरीत इलेक्ट्रिकल इंजिनीअर. माझी बायको मेधा जाब्रियातल्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन. गायधनी नाशिकचे, वय पन्नाशीच्या आसपास, माझ्याच रिफायनरीत गॅसच्या विभागात. एकटे राहत. बायको आणि मुलगा नाशिकला, एवढंच सगळ्यांना माहीत. कुवेतमध्ये अशी एकटी माणसं पुष्कळ, त्यामुळे कुणी जास्त विचारत नसे.

त्यांची दोन वाक्यं प्रसिद्ध होती. पहिलं, "दोन्ही बाजू बघू." दुसरं, "तूर्तास थांबा." गाडी घ्यायचीय? तूर्तास थांबा. मुलाला दुसऱ्या शाळेत घालायचंय? तूर्तास थांबा. चौथ्या मजल्यावरचे साठे त्यांच्या सांगण्यावरून गाडी घ्यायची थांबले आणि दोनच महिन्यांत दुकानदारानं किंमत उतरवली. झालं! तेव्हापासून सल्ल्यासाठी सगळे दुसऱ्या मजल्यावर. माझ्या बायकोसकट.

एकदा आमच्या स्वयंपाकघरातले दिवे गेले. मी अंघोळीला होतो. बाहेर येऊन बघतो तर गायधनी स्टुलावर उभे आणि मेधा खालून बॅटरी धरून.

"अगं, मी इलेक्ट्रिकल इंजिनीअर आहे," मी टॉवेल सावरत म्हणालो.

"तू रिफायनरीतला आहेस," मेधा म्हणाली. "घरातलं काकांना कळतं."

गायधनी स्टुलावरून म्हणाले, "भागवत, तो टॉवेल जरा द्याल का?"

पण गायधनींचा खरा विषय म्हणजे कपडे वाळवायचं यंत्र. ड्रायर. गॅसवरचा घ्यावा की विजेवरचा, यावर त्यांच्याइतकं कुवेतमध्ये कुणी बोलू शकत नसे. मंडळाच्या गणपतीत एका वर्षी मी 'घरातली विजेची सुरक्षितता' या विषयावर भाषण केलं. सहाव्या मिनिटाला बटाटेवड्यांचा वास आला आणि अर्धा हॉल उठला. माझ्यामागून गायधनी उभे राहिले, विषय 'ड्रायर: गॅस की वीज?'. पाऊण तास! माणसं वड्यांच्या बशा घेऊन परत येऊन बसली.

"ज्योतीची ऊब वेगळी," ते सांगत होते. "गॅसवर कपडा लवकर वाळतो, मऊ राहतो. पण सिलिंडर जमियाच्या दुकानातून आणा, तो गॅलरीत ठेवा, नळी तपासा, भिंतीला भोक पाडायला घरमालकाची परवानगी काढा. विजेचं तसं नाही. जाड वायर ओढली की झालं. वीज इथे जवळजवळ फुकट. पण वेळ जास्त, आणि तारेची ऊब कोरडी, रागीट. तेव्हा दोन्ही बाजू बघू." टाळ्या. मेधाच्या सगळ्यात जोरात.

आता तुम्ही म्हणाल, वाळवंटात ड्रायर कशाला? उन्हाळ्यात तिथे चादर दहा मिनिटांत कडक होते हे खरं. पण धूळ उठली की त्याच चादरीचा रंग उंटासारखा होतो. त्या वर्षी एप्रिलमध्ये वादळामागून वादळ आलं. गॅलरीतले मुक्ताचे फ्रॉक झटकले की खोलीत ढग उठायचा. आणि मुक्ताला खोकला लागला. साधा नव्हे, छातीत शिट्टी वाजणारा. मेधाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हिचे कपडे, अंथरुणं बाहेर वाळत घालू नका.

"ड्रायर घेऊ," मी त्याच संध्याकाळी म्हणालो. "विजेवरचा. हवल्लीच्या बाजारात जातो आणि घेऊन येतो."

"आधी काकांना विचारू," मेधा म्हणाली.

"मेधा, यात विचारायचं काय आहे? तार, प्लग, बटण. माझा विषय आहे हा."

"त्यांनी इतका अभ्यास केलाय शेखर. त्यांच्या घरी आहे ना, त्यांना अनुभव असेल."

त्यांच्या घरी आहे, असं सगळेच धरून चालले होते. गायधनींच्या घरात फारसं कुणी जात नसे, तेच सगळीकडे जात.

गायधनी आले. काटा घेऊन. आमच्या घरातला कपडा न् कपडा ओला करून तोलला. गॅलरी कुठल्या दिशेला, खिडकी किती रुंद, गरम हवेचा पाइप कुठून काढणार, सगळं टिपून घेतलं. मुक्ता एकेक मोजा त्यांच्या हातात देत होती. मी सोफ्यावर बसून पेपर वाचत असल्याचं दाखवत होतो. तो उलटा होता असं मेधा अजून सांगते.

"मग काका, कुठला?" मेधानं विचारलं.

"तूर्तास थांबा," गायधनी म्हणाले. "आठवड्याभरात सांगतो."

एका आठवड्याचे तीन झाले. दर शुक्रवारी नवी शंका. एकदा विजेचा पुढे, एकदा गॅसचा. कपडे आम्ही घरातच दोरीवर वाळत घालायला लागलो. एसीमुळे खिडक्या बंद, खोल्यांना कुबट वास. खरं तर मी कधीही जाऊन ड्रायर आणू शकलो असतो. आणला नाही. का आणला नाही ते सांगतो. मला गायधनींची फजिती व्हायला हवी होती. त्यांना निर्णय घेता येत नाही हे मेधाला एकदा नीट दिसू दे, असं मी मनात म्हणत होतो. मुलगी खोकत होती आणि मी वाट बघत होतो.

मग एका गुरुवारी दुपारी मला रिफायनरीत फोन आला. शाळेतून मुक्ताला थेट हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. श्वास लागला होता. मी पोचलो तेव्हा तिच्या तोंडावर वाफेचा मास्क होता आणि ती त्याच्या आडून माझ्याकडे बघत होती. दोन तासांनी सोडलं. घरी येऊन तिला निजवलं, मेधा तिच्याजवळ बसली, आणि मी तसाच बूट न काढता दुसऱ्या मजल्यावर गेलो. स्वतःवरचा राग दुसऱ्यावर काढायला माणूस नेहमी जिना उतरूनच जातो.

गायधनींनी दार उघडलं. मी आत घुसलो. "कुठाय तुमचा ड्रायर? दाखवा मला. तीन आठवडे आम्हाला झुलवत ठेवलंत, निदान तुम्ही कुठला वापरता ते तरी बघू द्या!"

"भागवत, बसा तर..."

मी बसलो नाही. स्वयंपाकघरात गेलो, बाथरूममध्ये गेलो. तिथे एक दोरी होती. दोरीवर तीन शर्ट, एक पंचा. ड्रायर कुठेच नव्हता.

बाहेरच्या खोलीत टेबलावर एक फाइल होती, विटेएवढी जाड. कंपन्यांची पत्रकं, आलेख, टॉवेलांच्या वजनांचे तक्ते. वरच्याच पानावर माझ्या मुलीचं नाव आणि खाली तिच्या सगळ्या फ्रॉकांची यादी, ओलं वजन, कोरडं वजन.

"मुक्ताला आज हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं," मी म्हणालो. आवाज चढवायचा ठरवून आलो होतो, पण तो चढला नाही.

गायधनी खुर्चीवर बसले. "आता कशी आहे?"

"झोपलीय. बरी आहे."

त्यांनी फाइल जवळ ओढली. मग म्हणाले, "मी आधी सांगायला हवं होतं. माझ्याकडे ड्रायर नाही. कधीच नव्हता."

"मग हे सगळं?"

"हे सुलभासाठी सुरू केलं होतं." सुलभा म्हणजे त्यांची बायको. "नव्वदच्या युद्धात ती आणि आमचा आनंद नाशिकला गेले. सगळं थांबल्यावर मी बोलावलं तर आली. तेलाच्या विहिरी अजून जळत होत्या. दुपारी बारालाही आकाश काळं. तिनं आनंदचे शाळेचे पांढरे शर्ट गॅलरीत घातले, तर संध्याकाळी त्यांच्यावर काजळी. पुन्हा धुतले, पुन्हा काजळी. तिसऱ्यांदा ती शर्ट हातात घेऊन जमिनीवरच बसली. म्हणाली, वाळवायचं मशीन मिळतं म्हणे, आणा ना. मी म्हणालो, आणू. गॅसचा की विजेचा ते बघतो. तूर्तास थांब."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो.

"मी पत्रं लिहिली, पत्रकं मागवली. मला वाटलं, एवढी मोठी वस्तू, चुकायला नको. सात महिने गेले, भागवत. तोवर विहिरीही विझल्या. आकाश निळं झालं. मी मनात म्हटलं, बरं झालं, आता घाई नाही. ती सुट्टीला नाशिकला गेली, तिथे तिला शाळेत नोकरी मिळाली. पत्र आलं. आता मशीन आणू नका, आम्ही इथेच राहतो. रागाचा एक शब्द नाही हो त्यात. रागावली असती तर मी धावत गेलो असतो."

"तुम्ही नंतर बोलावलं नाही?"

"बोलावलं ना. ती आली नाही. तिला काजळीचं काही नव्हतंच. मी त्या दिवशी उठून चपला घालाव्यात आणि निघावं, एवढंच तिला हवं होतं." त्यांनी फाइल मिटली. "मग ही फाइल थांबवता येईना. नवीन मॉडेल आलं की पान घालायचो. लोक विचारायला लागले. बरं वाटायचं. घरोघरी जाता यायचं."

ज्या माणसाचा मी दोन वर्षं हेवा केला तो माणूस हा. मी मूर्खासारखं विचारलं, "मग आमच्यासाठी कुठला? गॅस की वीज?"

गायधनी उठले आणि कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवू लागले. "कुठलाही. जो आज दुकानात असेल तो. चला, आत्ता चला."

आम्ही हवल्लीला गेलो. पहिल्या दुकानात विजेवरचा होता, पांढरा, साधा. दुकानदार माहिती सांगायला लागला तर गायधनी म्हणाले, "खलास, खलास! गाडीत चढवा." इमारतीच्या हारिसला, म्हणजे रखवालदाराला, हाताशी घेऊन आम्ही तो तिसऱ्या मजल्यावर चढवला. आमचं घामेजलेलं ध्यान बघून मेधा दारातच थबकली.

"काकांनी ठरवला?" तिनं विचारलं.

"नाही," गायधनी म्हणाले. "भागवतांनी पहिल्या दिवशीच ठरवला होता. त्यांचं ऐकायला हवं होतं."

ज्या वाक्यासाठी मी तीन आठवडे टपून बसलो होतो ते असं पदरात पडलं, आणि मला त्याची काडीचीही मजा आली नाही. पहिल्या दिवशी ठरवून मी नंतर काय केलं, हे मलाच माहीत होतं.

शुक्रवारी सकाळी मी स्वतंत्र वायर ओढली. गायधनी खाली बॅटरी धरून उभे होते. खिडकीतून पाइप काढायचं काम त्यांनी केलं, आणि फार सुबक केलं. सुरू केल्यावर ड्रम घरघरायला लागला तशी मुक्ता धावत आली, गायधनींच्या मांडीवर जाऊन बसली आणि काचेतून फिरणारे स्वतःचे फ्रॉक ओळखायला लागली. "दॅट्स माय यलो वन, अंकल!" मला पुन्हा जरा टोचलंच. सवय अशी एका दिवसात जात नाही. पण मी पेपर मात्र हातात घेतला नाही.

ड्रायर थांबला. मेधा कपडे काढायला वाकली तसे गायधनी अवघडून म्हणाले, "मेधाताई, घड्या मी घालू का?"

सुलभाताईंचं मी मेधाला रात्रीच सांगितलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बादली त्यांच्यापुढे ठेवली. ते पलंगाच्या कडेला बसले. एकेक गरम फ्रॉक मांडीवर पसरायचा, बाह्या आत घ्यायच्या, तळहातानं सुरकुती काढायची, पुन्हा एकदा काढायची. तेवढ्या कपड्यांना दहा मिनिटं पुरली असती. त्यांना तासभर लागला. वरण गार झालं, भात गार झाला. मेधानं ताटं वाढायचं नाव काढलं नाही, आणि मीही घड्याळाकडे पाहिलं नाही.