तेलगावच्या समुद्राचं भोक

छबुबाईंच्या नवऱ्याच्या फोटोवर पाणी उडत होतं. माणूस जिवंत होता तेव्हा त्याच्यावर शिंतोडा उडवायची कुणाची टाप नव्हती, आणि आता भिंतीवर टांगलेल्या बिचाऱ्याच्या मिशांवरून थेंब ओघळत होते.

"बया बया! पोळ्याच्या दिवशी मालकाला आंघोळ!" म्हणत छबुबाई सोफ्याचा आधार घेऊन उठल्या.

पाणी येत होतं नातीच्या समुद्रातून. राजनंदिनीने, म्हणजे घरच्यांच्या नंदूने, तेलगावातल्या बैठकीच्या खोलीत चक्क समुद्र मांडला होता. वर काचेची मोठी टाकी, तिच्यात जित्ती पोवळी आणि रंगीत मासे. खाली कपाटात दुसरी, लहान टाकी. वरचं पाणी एका नळीने आपसूक खाली उतरायचं, तिथे गाळलं जायचं, आणि मोटार ते दुसऱ्या नळीने परत वर चढवायची. ज्या गावात गोड पाण्यासाठी टँकरमागे पळावं लागतं, तिथे ही पोरगी विकतचे जार आणून त्यात मीठ कालवायची. गाव हसलं. छबुबाई हसल्या नाहीत. लग्नात गळ्यात घातलेली पोवळी मुळात जिवंत असतात हे कळल्यापासून सणावाराला कपाटाच्या दाराला त्यांचं हळदकुंकू ठरलेलं.

नंदूला रत्नागिरीला जाऊन मासे शिकायचे होते. ते ऐकून तिचा बाप अमरसिंह म्हणाला होता, "इथं नदीला पाणी न्हाई आन् ही मासे शिकनार! आधी ही टाकी संभाळून दाखव. पोळ्यापस्तोर फरशीवर एक थेंब जरी पडला, तर काच गोठ्यात आन् तू बीडला बीएला."

"आन् न्हाई पडला तर?"

"तर जा रत्नागिरीला."

छबुबाई तेव्हा शेंगा फोडत होत्या. त्यांना दुसरीतून काढून गुरांमागे धाडलं होतं, आणि ते त्या विसरल्या नव्हत्या. "शब्द दिलास अमर्या. म्या ऐकलाय," एवढंच त्या बोलल्या, पण शेंग अशी फोडली की दाणा अमरसिंहाच्या कपाळाला लागला.

तर आज पोळा. थेंब काही पडला नव्हता. बाप मात्र मध्येच मोटारीच्या भानगडीत पडला होता.

नंदूची मोटार होती मुठीएवढी. विहिरीवर साडेसात एचपीची मोटार चालवणाऱ्या माणसाच्या बैठकीत मुठीएवढी मोटार, आणि पोळ्याला धारूरहून साडू बिभीषणराव येणार! त्याने पोरीला न विचारता दुप्पट मोटार मागवून बसवली. पाणी असं सुसाट सुटलं की पोवळी भुईमूग उपटावा तशी आडवी झाली, आणि पिवळा मासा जागच्या जागी पोहून दमायला लागला. वरून येणारं पाणी उतारनळीला पेलेना, ती हुक्क्यासारखी गुडगुडायला लागली. नंदूने कपाळाला हात लावला आणि मोटारीपुढे वॉल बसवून तो निम्मा बंद केला.

"मोटार घ्यायची आन् तिचं तोंड दाबायचं, ही कुठली शेती?" अमरसिंह कुरकुरला. पण आज सकाळी नंदू आईबरोबर पुरणाला बसलीय हे बघून त्याने कपाटात हात घातला, वॉल पुरता उघडला आणि मिशीला पीळ देत बैल धुवायला गेला.

पाण्याचा जोर वाढला. वर चढणाऱ्या नळीला पाण्याच्या पातळीपाशी एक बारीक भोक होतं. एरवी तिथे नुसती लहर उठायची, आता तिथून पिचकारी सुटली ती थेट मालकांच्या मिशांवर.

छबुबाईंनी चष्मा चढवला आणि भोक पाहिलं. नळी फुटली! घटकाभरात थेंब फरशीवर येणार, आणि पोरगी बीडला जाणार. ठिबकच्या फुटक्या नळ्या बांधण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी ट्रंकेतून एमसील काढलं, काळं-पांढरं मळून एक केलं, भोकात अंगठ्याने दाबून बसवलं, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून आवळली. मग पदराने मालकांचं तोंड पुसलं.

"पोरीला सांगायचं न्हाई. उगं घाबरंल," त्या फोटोला म्हणाल्या. फोटोने नेहमीप्रमाणे ऐकून घेतलं.

दुपारी बिभीषणराव आले. पांढरे कपडे, पांढरे मोजे, हातात पेढ्यांचा पुडा. अमरसिंहाने त्यांना थेट टाकीपुढे बसवलं.

"कावून यवढं पानी उसळतंय हे?"

"मोटार आपली हाय साडूभाऊ! पोरीनं वॉल दाबून ठिवलता. म्या सकाळीच सताड उघडला. पानी कसं, दिसलं पायजे!"

"लई झ्याक! आन् ही झुडपं काय?"

"पोवळी हायती," छबुबाई म्हणाल्या. "जित्ती. तुमच्या अंगठीतलं मेलेलं हाय."

बिभीषणरावांनी अंगठी झाकली.

तेवढ्यात हलग्या वाजायला लागल्या. बैलांची मिरवणूक वेशीतून निघाली. शिंगांना बांधलेले उंच गोंडे लोंबत्या वायरींना अडकू नयेत म्हणून दरसाल पोळ्याला गावाची लाईट बंद करतात. तशी ती बंद झाली. इन्व्हर्टरवर पंखे आणि अमरसिंहाचा टीव्ही एवढंच होतं. मोटार गप्प झाली.

गुडगुड थांबली, पण टाकीतलं पाणी काही थांबलं नाही. पिंपातून नळी लावून रॉकेल ओढावं तसं ते वर चढवणाऱ्या नळीनेच उलटं खाली यायला लागलं. खालची टाकी भरली. कपाटाचं दार, हळदकुंकवासकट, आपणहून उघडलं.

"अमरसिंह, पायाखाली गार लागतंय," बिभीषणराव म्हणाले.

"फरशी गार हाय आपली."

"मोजा भिजलाय बे माझा!"

आणि समुद्र बैठकीत आला. सतरंजी तरंगायला लागली, बिभीषणराव पाय सोफ्यावर घेऊन पेढे डोक्यावर धरून बसले, अमरसिंह मोटारीचं बटण दाबत सुटला. लाईटच नाही तर बटण काय करणार! सून प्रियदर्शनी पोतेरं घेऊन धावली आणि पोतेऱ्यासकट उंबऱ्यापर्यंत घसरत गेली. पाणी उंबरा ओलांडून ओट्यावर, ओट्यावरून अंगणात उतरलं. तिथे नैवेद्यासाठी आलेल्या बैलजोडीतल्या एकाने जीभ लावली, खारट लागलं, आणि पुढ्यातली पुरणपोळी सोडून तो अंगण चाटायला लागला. ते पाहून मिरवणुकीतली पुढची जोडीही वळली. मागची थांबली. हलगीवाला ओरडला, "आरं, छबुबाईच्या दारात समुद्र आलाय!"

नंदू स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी आली. क्षणभर पाहिलं, स्टुलावर चढली, टाकीत कोपरापर्यंत हात घालून नळीचं तोंड पाण्याबाहेर उचलून धरलं. नळीने भुर्रकन हवा ओढली आणि पाणी थांबलं.

"पप्पा, हितं भोक व्हतं," ती धापा टाकत म्हणाली. "मुद्दाम पाडलेलं. लाईट गेली की त्यातनं हवा शिरती आन् पानी थांबतं. कुनी बुजवलं हे?"

तिच्या बोटांना सायकलची ट्यूब लागली. तिने हळूच मान वळवून आजीकडे पाहिलं. आजी नवऱ्याच्या फोटोकडे पाहत होत्या.

"कुनी काय केलं मला सांगू नको," अमरसिंह गरजला. त्याच्या धोतरातून समुद्र गळत होता. "थेंबाची बोली व्हती, हितं पूर आलाय! काच गोठ्यात. इषय संपला."

नंदूच्या डोळ्यांत पाणी आलं. ते फरशीवर पडलं तरी आता कुणी मोजणार नव्हतं. पण आजीचं नाव तिच्या तोंडून निघालं नाही.

ते छबुबाईंनी पाहिलं. त्यांनी पदर खोचला, लुगडं पोटरीपर्यंत उचललं आणि समुद्रात उतरल्या.

"इषय कसा संपला? हितं पंच बसलेत. बिभीषणराव, खाली उतरा, पेढे भिजत न्हाईत. सांगा, सकाळी वॉल कुनी उघडला?"

बिभीषणरावांनी साडूकडे पाहिलं, भिजल्या मोज्याकडे पाहिलं. मोजा जिंकला. "अमरसिंहच म्हनला, म्या सताड उघडला म्हून."

"आन् ही दांडगी मोटार कुनी आनली?"

"त्यानंच."

"माय, तू जरा..."

"गप! पोरीच्या मोटारीवर, पोरीच्या वॉलवर एक थेंब तरी पडला का? दिवसातनं धा येळा लाईट जाती, कधी पडला? मोटार तुझी, वॉल तुझा, तर पूर बी तुझाच. पोरीच्या बोलीत थेंब न्हाई!"

दारातल्या गर्दीतून कुणी तरी "बराबर हाय" म्हणालं. पोळ्याच्या दिवशी दारात गाव आणि गोठा दोन्ही जमलेले, अमरसिंहाने ओली मिशी पुसली.

"पर ते भोक?" त्याने शेवटचं टोक धरलं.

"भोकाचं काय घिऊन बसलास? प्रियदर्शनी, दाभण आन. गॅसवर तापवून."

लाल झालेलं दाभण घेऊन छबुबाई स्टुलावर चढल्या. जुनं भोक दगड झालं होतं. त्यांनी त्याच्या शेजारी नळीत दाभण असं घुसवलं की फसकन धूर निघाला आणि नवं भोक पडलं. नंदूने वॉल निम्मा केला, जारचं मीठपाणी ओतलं. मिरवणूक पुढे जाऊन संपली तशी लाईट आली, मोटार चालली, भोकापाशी लहर उठली. मग छबुबाईंनी सगळ्यांदेखत बटण बंद केलं. पाणी जरासं उतरलं, भोक उघडं पडलं, सुर्र झालं आणि थांबलं. खालची टाकी काठोकाठ, पण फरशीवर टिपूस नाही.

"मावशी, तुमी तर इंजनेरच!" बिभीषणरावांनी पेढा पुढे केला.

"शब्द दिलावता अमर्या."

अमरसिंहाने धोतर पिळलं. "जाऊ दे तिला रत्नागिरीला. पर मागं हे सगळं कोन बघनार?"

"मी हाय की."

दारातली गर्दी पांगली. एक बैल तेवढा अंगणातून हलेना. आत नंदू खोबरेल तेलाची वाटी घेऊन आजीच्या पायाशी बसली, त्यांच्या हाताचा अंगठा मांडीवर घेतला, आणि नखात घट्ट बसलेलं राखाडी एमसील टोकरायला लागली.

"आजी," ती हळूच म्हणाली, "मेंदी लई रंगली ग."

छबुबाईंनी दुसराही हात पुढे केला.

"रंगनारच. नात कॉलेजला निघाली, आन् आजीनं मेंदी लावू न्हाई का?"