चार वेळा पडलेला खडा

आमचे शेजारी खंडूनाना कुठलीही वस्तू पारखायची तर ती खाली टाकून बघतात. तीही चार वेळा. वीट, गुळाची ढेप, एकदा तर आमच्या हिने दिलेला डिंकाचा लाडू. लाडू टिकला. तरी नानांनी विचारलंच, "कुनी पाठवला?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. आमच्या आळीत पोस्टमन आधी याचं उत्तर देतो, मग पत्र. नानांची सगळी नोकरी लांबच्या एका लोखंडाच्या कारखान्यात गेली, सिंटर प्लांटवर. खनिजाचा चुरा तसाच भट्टीत घातला तर भट्टी गुदमरते, म्हणून त्यात कोळशाची पूड मिसळून, भाजून त्याचे खडे करायचे, आणि खडा पक्का झाला का ते चार वेळा खाली टाकून बघायचं. निवृत्तीनंतर नानांनी ध्यास घेतला की दगडी कोळशाऐवजी भाताचं तूस जाळून केलेल्या कोळशावर तसाच पक्का खडा करायचा. "जमिनीतला कोळसा जमिनीतच ऱ्हायला पायजे," म्हणतात.

मला हे फार उशिरा कळलं. मला दिसायचं ते एवढंच: परसात पत्र्याचं पिंप, त्याला जोडलेला पंखा आणि तळेघर गावाहून येणारी पोती. पोत्यांवर 'पेंड' लिहिलेलं, आणि नानांकडे जनावर एक नाही. ते हातभट्टी लावतायत याबद्दल माझी खात्रीच झाली. मी कुंपणाशी वास घेत उभा राहायचो. ते माझ्यावर नजर ठेवून असायचे, कारण कारखान्याने मला त्यांची कृती चोरायला नेमलंय असा त्यांचा पक्का समज. तूससुद्धा पेंडीच्या पोत्यांत लपवून, दर खेपेला वेगळ्या गिरणीतून आणायचे.

गेल्या वर्षी नानी गेल्या. तेव्हापासून त्यांच्या गच्चीवरून रोज ऐकू येणारं धपधप बंद झालं, पिंप मात्र पेटतच होतं. माझा संशय आणखी वाढला.

परवा नानांनीच हाक मारली, "मास्तर, वर या."

गच्चीवर काळपट खड्यांनी भरलेली घमेली रांगेत होती. वर्षभरात एकही खडा टाकून बघितलेला नव्हता.

"मग टाका की," मी म्हणालो.

"टाकताना माजं डोळं मिटत्यात. मोजायला ती असायची."

मला माझ्या वास घेण्याची लाज वाटली. नाना स्टुलावर चढले, डोळे मिटले. खाली लोखंडी पत्र्यावर खडा आपटला. मी मोजलं. दर वेळी उचलून त्यांच्या हातात दिला. चौथ्यांदा कडेचा थोडा चुरा सांडला, बाकी खडा शाबूत.

"ऱ्हायला का?"

"राहिला."

आता ते खाली उतरून खडा तपासणार, मग मला कुणी पाठवलं ते विचारणार, असं मला वाटलं. पण नानांनी डोळे उघडलेच नाहीत.

"पुन्यांदा मोजा, मास्तर. जरा सावकाश. ती लई सावकाश मोजायची."

मी खडा उचलून त्यांच्या हातात दिला आणि एकपासून सुरुवात केली.