एका शिवणीचा कोट

कपडा आणि माणूस यांचं जमलं नाही, तर चूक माणसाची असते. कपडा बेतलेला असतो. माणूस नुसताच झालेला असतो. त्याचे दोन खांदे एका उंचीचे नसतात, पोटाचा आकार जेवणावर ठरतो, आणि मान अशा जागी बसवलेली असते, जिथे कोणत्याही कलावंताने ती बसवली नसती. शिंपी नावाच्या भिडस्त वर्गाने या चुका पिढ्यान्‌पिढ्या पोटात घातल्या. (कमरेला चुण्या घेऊन.)

ही लाचारी संपवण्यासाठी 'प्रगत व सर्जनशील बेतकाम संस्था' सुरू झाली. टायरच्या दुकानावरचा मजला, दोन लांब टेबलं, खडूची धूळ. कोपऱ्यात एक लाकडी पुतळा आहे. तो अगदी मापात असल्याने त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं आहे.

पुढचा भाग (एक नग, घडीवर कापावा)

पहिल्या सत्रात विद्यार्थी बाही काढून टाकायला शिकतात. दुसऱ्या सत्रात तीच बाही अनपेक्षित जागी परत लावतात. आजवरच्या उल्लेखनीय कामगिरीत पाठमोरा झगा, दोन व्यक्तींनी मिळून घालायची आणि भांडण झाल्यास फाडायची विजार, आणि फक्त बसलेल्या माणसाला होणारा सदरा यांचा समावेश होतो. सदरा घातलेले गृहस्थ अजून बसलेलेच आहेत. प्रकृती उत्तम आहे.

शिलाईसाठी कडेला जादा कापड सोडतात, त्याला शिंपी 'माया' म्हणतात. संस्थेत माया सोडायला सक्त मनाई आहे. माया सोडली की पुढेमागे कपडा सैल करता येतो, आणि सैल करता येतो म्हटलं की माणूस शेफारतो.

दुसरी महत्त्वाची गोष्ट: कपडा घालणे हा पहिल्या वर्षाचा विषय आहे. काढणे दुसऱ्या वर्षी.

मागचा भाग (मागून कळेल)

आमची एक विद्यार्थिनी टपाल कचेरीत खिडकीवर बसते. तिला सगळे टपालबाई म्हणतात. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली. पहिल्यांदा तिचा झगा एका बाईला चक्क बसला. दुसऱ्यांदा तिचं जाकीट बघून तिच्या सासूबाई म्हणाल्या, "छान आहे गं, थंडीत बरं पडेल." परीक्षकांसमोर. आमच्याकडे याहून मोठी नामुष्की नाही.

तिसरी संधी शेवटची असते. टपालबाईंनी रजा टाकली, जेवणाच्या टेबलावर कापड अंथरलं, आणि घरच्यांना उभ्याने जेवायला लावून 'एका शिवणीचा कोट' बेतला. एकच अखंड कापड, एकच शिवण, चिंधीसुद्धा वाया नाही. शिवण मानेमागून निघते, छातीवरून तिरकी उतरते, दोन्ही मांड्यांना वळसा घालते आणि काहीतरी विसरल्यासारखी पाठीवर परत जाते. बटण नाही, काज नाही, चेन नाही. शेवटचे टाके माणूस आत असतानाच घालावे लागतात.

आत माणूस म्हणून नवरा निवडण्यात आला. ते ट्रॅफिक हवालदार आहेत; उभं राहायची सवय आहे.

बाही (एकच)

कोटाला एकच बाही आहे आणि दोन्ही हात तिच्यात जातात. ती डाव्या कुशीतून निघते आणि तिरकी वर चढते. त्यामुळे कोट घातलेला माणूस कायम डाव्या बाजूच्या दूरच्या ढगाकडे बोट दाखवत असल्यासारखा दिसतो. परीक्षक भारावले. एकांनी डोळे पुसले. (खडू गेला होता.) नियम मात्र त्यांनी वाचून दाखवला: निकाल लागेपर्यंत एकही टाका उसवला, तर विद्यार्थिनी नापास.

"आणि मी?" हवालदारांनी विचारलं.

"तुमची परीक्षा नाही," परीक्षक म्हणाले.

घरी आल्यावर सासूबाईंनी लेकाला चहूबाजूंनी पाहिलं.

"काय गं, माझ्या पोराला उशीचा अभ्रा केलास?"

"आई, कोट आहे तो."

"कोटातून माणूस बाहेर येतो."

"अगं, नाक खाजतंय," हवालदार म्हणाले. "कुणीतरी बघा रे."

नाकाचं काम सासूबाईंनी घेतलं, जेवणाचं टपालबाईंनी. (बाकीचे प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचे आहेत.)

दुसऱ्या दिवशी डोक्यावर टोपी, तोंडात शिट्टी आणि अंगात कोट अशा थाटात हवालदार चौकात उभे राहिले. बाही डावीकडे होती. चौकातली सगळी वाहनं दिवसभर डावीकडे गेली. उजवीकडे राहणारी मंडळी अजून घरी पोचलेली नाहीत.

संध्याकाळी साहेब आले.

"हे काय आहे?"

"कोट आहे, साहेब."

"काढ."

"ते दुसऱ्या वर्षाला आहे, साहेब."

साहेबांनी चौकावर नजर टाकली. एका शववाहिकेला डावीकडे जाताना पाहिलं. मग म्हणाले, "महिनाअखेर वर्दीत दिसला नाहीस, तर जप्तीच्या सायकली मोजायला बसवतो. कायमचा."

गळा (कापू नये)

हवालदारांना चौक फार प्रिय होता. लहानपणापासून त्यांना फक्त एवढंच हवं होतं, की आपण हात वर करावा आणि जगाने थांबावं. ते घरी येऊन भिंतीला टेकले.

"उसव."

"अहो, निकाल महिनाअखेरीलाच आहे. एक टाका गेला तर मी गेले. चौथी संधी नाही."

"आणि माझी नोकरी?"

"सायकली मोजायला हात लागत नाहीत."

"अगं, नवरा मोठा की कोट?"

टपालबाईंनी कोटाकडे पाहिलं. आमच्या मते त्या मापं आठवत होत्या. सासूबाई मात्र स्वयंपाकघरात गेल्या आणि भाजी कापायची कात्री घेऊन आल्या. टपालबाई कोटाच्या पुढे आडव्या आल्या. थोडा वेळ घरात असं दृश्य होतं: सासू कात्री घेऊन, सून हात पसरून, आणि मधे मुलगा डाव्या बाजूच्या ढगाकडे बोट दाखवत.

"आई," टपालबाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फाटला, "आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या पाकिटांवर शिक्के मारले. एकदा माझ्यावर कुणीतरी 'उत्तीर्ण' असा मारू दे."

सासूबाईंनी कात्री खाली ठेवली. "मग बोलाव तुझ्या त्या मॅडमना. त्यांनीच काय ते बघावं."

मॅडम म्हणजे आमच्या मुख्य शिक्षिका. त्या टेप घेऊन आल्या. त्यांनी कोटाचं माप घेतलं, मग हवालदारांचं घेतलं, आणि चष्मा पुसत निदान केलं. कोटात काहीही दोष नाही. हवालदार जास्त झाले आहेत.

"किती जास्त?" सासूबाईंनी विचारलं.

"गळ्याचं भोक एवढं. त्यातून जे जात नाही, तेवढं सगळं."

(हे भोकसुद्धा टपालबाईंनी भावनेच्या भरात थोडं मोठं ठेवलं होतं, म्हणजे डोकं बाहेर राहावं म्हणून. त्याचे गुण कापले गेले.)

कॉलर (उरलेल्या माणसातून)

हवालदारांची दुरुस्ती सुरू झाली. सकाळी गरम पाणी, दुपारी काकडी, रात्री काकडीची आठवण. शेजारच्या मालीशवाल्याने खांदे आत ओढायचा व्यायाम शिकवला; हवालदार आरशासमोर उभे राहून छत्रीसारखे मिटायला शिकले. सासूबाई रोज स्वयंपाकघराचं दार लावून लाडू खात आणि रडत. गल्लीत कौतुक होऊ लागलं. कोटावर कुणी बोललं नाही. "काय बारीक झालात हो! छान दिसता!" असं सगळे म्हणाले.

निकालाच्या दिवशी संस्थेत, परीक्षक जिन्यात असतानाच हवालदारांनी श्वास सोडला, खांदे मिटले आणि ते गळ्यातून ओल्या साबणासारखे निसटले. टाका एकही तुटला नाही. खळ भरपूर असल्याने कोट जागच्या जागी उभा राहिला.

परीक्षक आत आले. त्यांनी रिकामा कोट पाहिला. त्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"अप्रतिम," एक म्हणाले. "मागच्या वेळी यात काहीतरी खटकत होतं."

"माणूस," दुसरे म्हणाले.

टपालबाई पहिल्या आल्या. प्रमाणपत्रावर शिक्का बसला, तेव्हा त्यांनी सवयीने तो सरळ आला आहे ना ते पाहिलं. मग त्या खुर्चीत बसून मनसोक्त रडल्या. हवालदारांनी आपल्या दोन वेगवेगळ्या हातांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी ते वर्दी चढवून चौकात गेले. साहेब पाहत होते. हवालदारांनी ताठ उभं राहून कडक सलाम ठोकला, आणि विजार बुटांवर येऊन बसली.

चारही रस्त्यांवरची वाहनं थांबली. बसेस थांबल्या, हातगाड्या थांबल्या, डावीकडे निघालेली एक मिरवणूक थांबली. त्या चौकात असं नियंत्रण पूर्वी कधी झालं नव्हतं, असा शेरा साहेबांनी नाइलाजाने मारला. नोकरी वाचली.

"अगं, विजार कमरेत जरा आत घेऊन दे ना," हवालदार घरी येऊन म्हणाले.

"अहो, असलं मामुली काम आम्हाला शिकवत नाहीत," टपालबाई म्हणाल्या. "तुम्हीच परत जाड व्हा."

सासूबाईंनी लाडवांचा डबा उघडला. काम झपाट्याने सुरू आहे. विजार या आठवड्यात गुडघ्यांपर्यंतच घसरली.

माया (सोडलेली नाही)

संस्थेत प्रवेश कसा घ्यावा, अशी चौकशी वाचक वारंवार करतात. आपण तसदी घेऊ नये. आपल्या कपाटात, घडीच्या अगदी तळाशी, एक कपडा आहे. घेतला तेव्हाही तो होत नव्हता. तो आपण कुणाला दिलेला नाही, टाकलेला नाही, सैल करून घेतलेला नाही, कारण आपण बारीक होणार आहात. अशा सर्वांची नावं आम्ही बहिःस्थ विद्यार्थी म्हणून केव्हाच नोंदवली आहेत.

आणि हा परिच्छेद वाचताना आपण नकळत पोट आत ओढलंत, ते प्रात्यक्षिक धरण्यात येईल. पैकीच्या पैकी गुण.

आता सोडा श्वास.

(हळू. समोर कुणी बसलं असेल, तर बटण तुटून उडण्याआधी त्याला बाजूला व्हायला सांगा.)